ड्रायसूटमध्ये शिसं किती बांधायचं? पाण्यातला पासंग काढायची रीत

मे महिना, भडगाव, बाहेर ४४, पंखा नुसतीच गरम हवा ढवळतोय, आणि मी लिहायला बसलोय ५ डिग्रीच्या पाण्यात घालायच्या सूटबद्दल. येडपटपणा आहे हे मलाही कळतंय. पण झालंय असं की माझा भाचा ऑगस्टमध्ये शिकायला नॉर्वेला चाललाय, मी तिकडे काही वर्षं नोकरीला होतो आणि तिथेच ड्रायसूट डायव्हिंग शिकलो, आणि हा पठ्ठ्या तारकर्लीला एकदा स्कूबा करून आल्यापासून पाण्याने झपाटलाय. सुट्टीला आजोळी आला तो पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न, मामा, ड्रायसूटमध्ये वजन किती किलो लावायचं? एका व्हिडिओत म्हणे अंगाच्या वजनाच्या दहा टक्के, दुसऱ्यात दहा टक्के आणि वर आणखी चार-पाच किलो, तिसरा म्हणतो लावून बघ, नाही बुडालास तर वाढव. माझी आई शेंगा सोलत ऐकत होती, ती म्हणाली, "पानीमा जावाले इतलं शिसं कसाले रे भो? मानूस तसाबी बुडसच."

बुडतो हे खरं, पण ड्रायसूट घातलेला माणूस बुडत नाही, आणि सगळी भानगड तिथूनच सुरू होते.

आधी ड्रायसूट म्हणजे काय ते थोडक्यात, कारण आपल्याकडे मालवणला काय अंदमानला काय, पाणी इतकं कोमट असतं की त्याची गरजच पडत नाही. वेटसूटमध्ये पाणी आत शिरतं आणि अंगाच्या उबेने तेच थोडं गरम होतं. ड्रायसूटमध्ये पाणी आत येतच नाही, गळ्याला आणि मनगटाला घट्ट सील असतात, आत तुम्ही कोरडे, अंगात एक जाडसर अंडरसूट, म्हणजे समजा अंगावर चढवलेली गोधडीच. आणि गोधडीचं जे गुपित तेच याचं, ऊब कापड देत नाही, कापडात अडकलेली हवा देते. म्हणून सूटच्या छातीवर एक बटण असतं, ते दाबलं की सिलेंडरमधली हवा सूटमध्ये येते, आणि डाव्या दंडावर एक व्हॉल्व्ह असतो, त्यातून जास्तीची हवा बाहेर सोडायची.

आता ही हवा. आमच्याकडे पोरांना पोहायला कसं शिकवायचे ते आठवा, पाठीला तेलाचा रिकामा पाच लिटरचा कॅन बांधायचा आणि काकाने मागून विहिरीत ढकलून द्यायचं. कॅन बांधलेलं पोर बुडत नाही, का, तर पाच लिटर हवेने पाच लिटर पाणी बाजूला सारलं आणि त्या पाण्याचं वजन होतं पाच किलो, तेवढा जोर पोराला वर धरून ठेवतो. आर्किमिडीज शाळेत पाठ केला होता, समजला मात्र विहिरीत. हिशोब सोपा आहे, एक लिटर हवा म्हणजे साधारण एक किलो वर खेचणारा जोर. जाड अंडरसूट घातलेल्या माणसाच्या सूटमध्ये दहा-बारा लिटर हवा आरामात मावते, म्हणजे दोन-सव्वादोन तेलाचे कॅन कपड्यांच्या आत शिवून घेतल्यासारखं झालं. ते खाली न्यायचे तर तेवढंच शिसं पाहिजे. आईला हे असं सांगितलं तेव्हा तिला लगेच पटलं, भाच्याला मात्र आकडाच पाहिजे होता.

आकडा द्यायच्या आधी मी त्याला ओट्यावर बसवून एक खेळ करायला लावला, तुम्हीही घरी करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. पाण्याची एक लिटरची प्लास्टिकची बाटली काठोकाठ भरायची. पेनचं टोपण घ्यायचं, टोकाला भोक असेल तर ते कणकेने बुजवायचं, आणि टोपणाच्या क्लिपला कणकेचा छोटा गोळा चिकटवायचा. मग टोपण तोंड खाली करून बाटलीत सोडायचं, आत हवेचा बुडबुडा अडकलेला राहिला पाहिजे, आणि बूच घट्ट लावायचं. बाटली दोन्ही हातांनी दाबली की टोपण खाली जातं, सोडली की वर येतं. दाबल्यावर आतली हवा आक्रसते, कमी पाणी सारते, म्हणून टोपण बुडतं. बस, ड्रायसूट म्हणजे हेच टोपण.

आता गंमत कणकेत आहे. भाच्याने पहिल्यांदा गोळा मोठा लावला, टोपण सरळ तळाला जाऊन बसलं, बाटली दाबा नाहीतर सोडा. मग कणीक फारच काढली, तर पोरगं मानेच्या शिरा फुगेपर्यंत बाटली दाबतंय आणि टोपण जागचं हलायला तयार नाही. मग चिमूट लावायची, चिमूट काढायची असं चाललं, आणि एका ठिकाणी असं आलं की टोपण पाण्याच्या वर जेमतेम टोक काढून उभं राहिलं आणि नुसतं हलकं दाबलं की सुळकन खाली. ही जी शेवटची चिमूट आहे ना, यालाच आमच्या बाजारात पासंग म्हणतात. तराजूची दोन्ही पारडी रिकामी असताना एक खाली जात असेल तर दुसऱ्याला दोऱ्याने एखादा खडा बांधतात तो पासंग. डायव्हरच्या कमरेचं शिसं म्हणजे दुसरं काही नाही, तोच पासंग आहे, हवेच्या पारड्याला बरोबरी करणारा.

मग मी त्याला म्हटलं, आता हेच टोपण बाटलीच्या मधोमध थांबवून दाखव. दहा मिनिटं झटला, नाही जमलं, कारण थोडं खाली गेलं की हवा अजून आक्रसते म्हणून अजून खाली जातं, थोडं वर आलं की हवा फुगते म्हणून अजून वर. हवा आहे तिथे आपोआप काहीच स्थिर राहत नाही. आणि मार्करचं मोठं टोपण घेतलं, त्यात हवाही जास्त आणि ती दाबायला कणीकही जास्त, तर ते अजूनच नाठाळ, बोट लावलं की खाली. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, जास्त शिसं लावणाऱ्यांचं काय होतं ते पुढे सांगतो तेव्हा हे मोठं टोपण कामाला येणार आहे.

समुद्रात बाटली दाबायचं काम खोली करते. बार हे दाबाचं माप, दर १० मीटरला दाब एका बारने वाढतो. पृष्ठभागावर १ बार, १० मीटरला २, २० ला ३, ३० ला ४. म्हणजे वरची दहा लिटर हवा १० मीटरवर पाच लिटर होते, ३० मीटरवर अडीच. खाली जाताना सूट अंगाला आवळायला लागतो, पोटरीला चिमटे बसल्यासारखं होतं, म्हणून छातीचं बटण दाबून थोडी थोडी हवा घ्यायची, वर येताना तीच हवा फुगते म्हणून दंडावरून सोडायची. आणि फुगण्याचा खरा दंगा वरच्या १० मीटरमध्येच असतो, ३० वरून २० ला येताना हवा सव्वापटीच्या थोडी वर फुगते पण १० वरून वर येताना थेट दुप्पट. नवखे लोक खोल पाण्याला घाबरतात, मी शेवटच्या पाच-सहा मीटरना घाबरतो.

बरं, आता मूळ प्रश्न, आणि त्यातली खरी गाठ. शिसं ठरवायचं ते डाईव्ह सुरू होते त्या क्षणासाठी नाही, डाईव्ह संपते त्या क्षणासाठी. अजून नेमकं सांगायचं तर हा क्षण: वर यायच्या आधी तुम्ही ५ मीटरवर सुरक्षेसाठी तीन मिनिटं थांबलाय, सिलेंडरमध्ये जेमतेम ५० बार हवा उरलीय, बीसीडी म्हणजे पाठीवरचं फुगणारं जॅकेट पूर्ण रिकामं आहे, आणि सूटमध्ये अंग आवळलं जाणार नाही, ऊब राहील इतकी हवा आहे. या स्थितीत तुम्ही ना वर जाताय ना खाली, तर तुमचं शिसं बरोबर. बाकी सगळं यातून निघतं.

का शेवट? कारण सिलेंडरमधल्या हवेला वजन असतं, आणि ते तुम्ही श्वासाश्वासाने बाहेर सोडत असता. घरचा गॅस सिलेंडर बघा, त्याच्यावर रिकाम्याचं वजन लिहिलेलं असतं, भरलेला आला की वर १४.२ किलो गॅस, आणि महिनाभराने तोच सिलेंडर पोरगं एका हाताने ओढत दारापर्यंत नेतं. इथे गॅस इतका जड नाही पण हिशोब तोच. साधी हवा एका लिटरला सुमारे १.२ ग्रॅम. १२ लिटरचं सिलेंडर २०० बारपासून ५० बारपर्यंत वापरलं तर १५० गुणिले १२ म्हणजे १८०० लिटर हवा गेली, वजनात जवळपास २.२ किलो. १५ लिटरचं असेल तर २.७ किलो. डाईव्हच्या सुरुवातीला जे वजन "अगदी परफेक्ट" वाटतं ते शेवटाला दोन-अडीच किलो कमी पडतं, आणि ते कमी पडतं नेमकं ५ मीटरवर, जिथे थांबायचं असतं आणि हवा सगळ्यात जास्त फुगत असते.

आणि दुसरं कारण थंडी. हा मुद्दा बरेच जण गाळतात आणि माझ्या मते ड्रायसूटमध्ये तोच सगळ्यात मोठा आहे. वजन तपासताना लोक सूटमधली हवा पिळून पिळून काढतात, सूट अंगाला चिकटलेला, आणि म्हणतात बघ, मी आठ किलोत बुडतो. बुडशील रे बाबा, पण चाळीस मिनिटांनी जेव्हा दात वाजायला लागतील तेव्हा सूटमध्ये दोन लिटर हवा घ्यावीशी वाटेल आणि घेतली की तू वर चाललास. थंडी शेवटाला वाजते, तेव्हा हवा शेवटाला लागते, तेव्हा त्या हवेचं शिसं आधीपासून अंगावर पाहिजे. वजनात कंजूषी करून ड्रायसूट घालणं म्हणजे गोधडी घेऊन ती घडी घालून उशाला ठेवण्यासारखं आहे.

हे मला पुस्तकातून नाही कळलं. दुसऱ्या हिवाळ्यात मी सेलमध्ये नवा अंडरसूट घेतला, आधीचा चौरस मीटरला २०० ग्रॅम कापडाचा होता हा ४०० ग्रॅमचा, मस्त फुगीर, आणि वजन जुनंच ठेवलं कारण वजन तर ठरलेलंच आहे ना माझं. सुरुवातीला जरा पाय मारून खाली जावं लागलं, वाटलं सूटमध्ये हवा राहिली असेल. खाली १८ मीटरवर सगळं छान, तिथे हवा दाबलेली, सिलेंडर अजून अर्ध्यावर. परत येताना ५ मीटरवर गेज ६० दाखवत होतं आणि मी थांबूच शकेना. दंडावरचा व्हॉल्व्ह उघडा, हात वर, जेवढी हवा होती तेवढी सोडली, तरी अंग वरच जातंय. शेवटी एका खडकाला दोन्ही हातांनी मिठी मारून तीन मिनिटं काढली, पाण्याखाली घड्याळ इतकं हळू चालतं हे त्या दिवशी कळलं. सूट इतका आवळलेला की बाहेर आल्यावर मांड्यांवर सूटच्या घड्यांचे लाल वळ उठलेले, आणि नवा जाड अंडरसूट घालूनही मी कुडकुडत होतो कारण त्यात हवाच नव्हती. शिवाय थांबा चुकवून सरळ वर गेलं तर अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन त्रास व्हायचा धोका वाढतो तो वेगळाच.

उलटी बाजूही भोगलीय, ती तर पहिल्याच आठवड्यात. जिथे कोर्स केला तिथे माप घ्यायची भानगडच नव्हती, मला बघून म्हणाले ड्रायसूट ना, मग १६ लाव, निवांत बसशील तळाला. बसलो की. दगडासारखा. मग वर तरंगायला सूटमध्ये हवा भरली, बरीच भरली, आणि १२ मीटरवर एक शिंपला बघायला डोकं खाली केलं. हवा नेहमी वरच्या टोकाला पळते, डोकं खाली म्हणजे वर काय, तर पाय. सगळी हवा भसकन पायात. बूट फुगले, फिन्स म्हणजे पायातले पोहायचे पंखे निसटायला आले, आणि मी उलटा टांगलेल्या वटवाघळासारखा वर निघालो, आणि हवा सोडायचा व्हॉल्व्ह तर दंडावर, म्हणजे आता सगळ्यात खाली, त्यातून हवा निघणार कशी. शिकवणाऱ्याने फिन धरून खाली ओढलं म्हणून वाचलो. असं झालं तर काय करायचं ते कोर्समध्ये शिकवतात आणि सराव करून घेतात, गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारायची, सरळ व्हायचं आणि लगेच हवा सोडायची, पण हा सराव मित्राच्या भरवशावर नाही, प्रशिक्षकाबरोबरच करायचा.

नंतर त्याच सामानावर नीट माप घेतलं तर माझं वजन निघालं ११ किलो. म्हणजे ५ किलो शिसं फुकटचं, आणि ते उचलून धरायला ५ लिटर हवा फुकटची. हेच ते मार्करचं टोपण. २० मीटरवरची ही ५ लिटर हवा तशीच ठेवून कुणी ५ मीटरवर आला तर ती १० लिटर होते, कारण दाब ३ वरून दीडवर आला. बरोबर वजन असलेल्या माणसालाही हवा सोडावी लागतेच, पण त्याच्याकडे खेळणारा बुडबुडा लहान असतो. जास्त वजन म्हणजे जास्त सेफ असं ज्यांना वाटतं त्यांना मला हेच सांगायचंय की तुम्ही बुडायची सोय केली नाही, उडायची केलीय.

आता माप घ्यायचं कसं. सगळं सामान जसं डाईव्हला असतं तसंच अंगावर पाहिजे, तोच अंडरसूट, तेच हातमोजे, तोच हूड, तेच सिलेंडर. पाण्यात उतरल्यावर लगेच माप घेऊ नका, अंडरसूटच्या कोपऱ्याकोपऱ्यात हवा दडलेली असते. मानेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, दंडावरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा, डावं कोपर वर करायचं आणि फुस्स आवाज थांबेपर्यंत वाट बघायची. मग छातीचं बटण एकदोनदा टुकटुक दाबून थोडी हवा परत घ्यायची, अंगाला सूट टोचणार नाही इतकी. बीसीडी पूर्ण रिकामं. आता पाय न हलवता सरळ उभं तरंगायचं, रेग्युलेटर, म्हणजे सिलेंडरमधून श्वास घ्यायचं साधन, तोंडात, नेहमीसारखा श्वास. पाणी डोळ्यांच्या रेषेला आलं पाहिजे. श्वास सोडला की हळूहळू खाली जायला लागलात तर बरोबर. छातीभर श्वास धरून हे माप घेऊ नका, भरलेल्या आणि रिकाम्या छातीत तीन-चार लिटरचा फरक सहज पडतो, म्हणजे तीन-चार किलो. नवशिका माणूस नेमका घाबरून छाती भरून बसतो आणि म्हणतो मी बुडतच नाही, म्हणून सुरुवातीला त्याला एखादा किलो जास्त लागतो आणि दहा डाईव्हनंतर तोच किलो नकोसा होतो.

हे माप भरलेल्या सिलेंडरवर घेतलं असेल तर वर दोन-अडीच किलो वाढवायचे, तो मघाचा हवेचा हिशोब. पण त्यापेक्षा भारी म्हणजे डाईव्हच्या शेवटी, ५० बार उरलेले असताना, उथळ पाण्यात प्रत्यक्ष बघणं. जोडीदाराच्या खिशात एक-एक किलोचे दोन तुकडे द्यायचे, तुम्ही ५ मीटरवर बीसीडी रिकामं करून उबदार सूटमध्ये स्तब्ध राहायचं. वर जाताय, तर त्याच्याकडून एक तुकडा घ्या. खाली बसताय, तर एक त्याला द्या. भाजीवालीने काटा स्थिर होईपर्यंत एक वांगं टाकायचं एक काढायचं, अगदी तसं. आणि हो, शिशावर छापलेल्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, भाड्याच्या तुकड्यांवर २ लिहिलेलं असतं आणि लगेज काट्याला अडकवलं की कधी कधी भलतंच निघतं.

माझा हिशोब उदाहरणादाखल सांगतो, पण हा कॉपी करू नका, हे माझ्या अंगाचे आणि माझ्या सामानाचे अंदाजी आकडे आहेत. सूट आणि अंडरसूटमधली हवा वर खेचते ११ किलोने. छातीतली हवा आणि चरबी धरून मी स्वतः १ किलोने. जवळपास रिकामं झालेलं ॲल्युमिनियमचं सिलेंडर, हो, ते रिकामं झालं की चक्क तरंगायला बघतं, त्याचा सव्वा किलो. एकूण सव्वातेरा वर. खाली ओढणारं काय, तर पाठीवरची स्टीलची प्लेट २ किलो आणि रेग्युलेटर वगैरे १. उरले सव्वादहा. पण शिसंसुद्धा पाण्यात थोडं हलकं होतं, दहा किलो शिसं समुद्रात नऊच्या थोडं वर भरतं, म्हणून सव्वादहासाठी बांधायचे ११ च्या आसपास. स्टीलचं सिलेंडर घेतलं तर ते रिकामं झालं तरी सहसा तरंगत नाही, मग त्या हिशोबाने कमरेचे एक-दोन किलो सुटतात. बघा, यात माझं शरीर किती, एक किलो! म्हणून ते दहा टक्क्यांचं गणित मला कधी पटलं नाही. दोन ७० किलोची माणसं, एकाच्या अंगात पातळ अंडरसूट आणि दुसऱ्याच्या अंगात जाड, वजनात चार किलोचा फरक पडू शकतो. अंदाजाला सुरुवात म्हणून ठीक, तोच शेवटचा आकडा धरू नका.

सूटचा प्रकारही बघावा लागतो. कापडी म्हणजे मेम्ब्रेन सूट स्वतः फारसा तरंगत नाही, सगळा खेळ आतल्या अंडरसूटचा. निओप्रीनचा ड्रायसूट मात्र स्वतःच स्पंजासारखा, त्याच्या आतल्या बुडबुड्यांमुळे वर जास्त तरंगतो, खोल गेल्यावर ते बुडबुडे दबतात, तरंगणंही कमी आणि ऊबही कमी. त्यातच आधीच दाबून घट्ट केलेल्या निओप्रीनचे सूट येतात, ते इतके बदलत नाहीत. नवा सूट, नवा अंडरसूट, वेगळं सिलेंडर, अगदी आत एक जास्तीचा स्वेटर, काहीही बदललं की माप परत. जुना अंडरसूट धुऊन धुऊन चपटा झाला तरी परत.

आणि पाणी. भाच्याला आइसलँडला सिल्फ्रामध्ये पण डाईव्ह करायचंय, दोन भूखंडांच्या प्लेटांमधली ती भेग, बाराही महिने २ ते ४ डिग्री, पाणी आरशासारखं, पण ते गोडं पाणी आहे. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा अडीच टक्क्यांच्या आसपास जड, म्हणून ते जास्त उचलून धरतं. अडीच टक्के कशाचे, तर तुमच्या एकट्याचे नाही, तुम्ही, सिलेंडर, सूट, शिसं सगळं मिळून. माझं सगळं लटांबर ११० किलोच्या आसपास जातं, त्याचे अडीच टक्के म्हणजे पावणेतीन किलो. समुद्रातले ११ किलो सिल्फ्रात तसेच बांधले तर तेवढं शिसं फुकटचं. आपल्या गिरणा धरणात कुणी ड्रायसूट घालून उतरलाच, उकडून मरेल तो भाग वेगळा, तर त्यालाही हेच लागू.

नॉर्वेच्या फियॉर्डमध्ये, म्हणजे डोंगरांच्या मधून आत घुसलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यांमध्ये, अजून एक फसवाफसवी असते. बर्फ वितळून आलेलं गोडं पाणी हलकं म्हणून वरच तरंगत राहतं, म्हणजे वरचे एक-दोन मीटर आपल्या विहिरीसारखं मचूळ आणि खाली कडक खारं. वर माप घेतलं, छान बुडलो, म्हणून खूश होऊन खाली गेलात तर खालचं खारं पाणी तुम्हाला वर ढकलायला लागतं. म्हणून मी सारखं ५ मीटर, ५ मीटर म्हणतोय.

शेवटचं म्हणजे हे शिसं बांधायचं कुठे. अकराचे अकरा किलो एका पट्ट्यात कमरेला बांधले तर दोन तोटे, एक तर कंबर दुखते आणि पाय खाली लोंबतात किंवा वर जातात, शरीराच्या ठेवणीवर आहे ते, आणि दुसरं म्हणजे चुकून बक्कल सुटलं तर सगळं वजन एकदम गेलं आणि तुम्ही बाटलीच्या बुचासारखे वर. म्हणून वाटून लावायचं, काही पट्ट्यात किंवा खांद्यावरून येणाऱ्या हार्नेसमध्ये, काही सिलेंडरच्या पट्ट्यावर, काही जॅकेटच्या खिशात, आणि त्यातला काही भाग अडचणीत झटकन टाकून देता येईल असा. पाय फारच वर जात असतील तर घोट्याला बांधायची अर्ध्या-एक किलोची वजनं मिळतात, मला स्वतःला ती आवडत नाहीत, प्रत्येक किकला तो भार ओढायचा आणि संध्याकाळी मांड्या भरून यायच्या. जड फिन्स घेतल्या तर बरेचदा तेवढ्यावर भागतं.

भाच्याला मी एक शंभर पानी वही दिलीय, तिच्यात प्रत्येक डाईव्हला एकच ओळ लिहायची: सूट, अंडरसूट, सिलेंडर, पाणी खारं की गोडं, शिसं किती, आणि ५ मीटरवर वर गेलो की खाली. दहा ओळी झाल्या की त्याला कुणाला विचारायची गरज पडणार नाही. त्याने पहिल्या पानावर बॉलपेनने मोठ्या अक्षरात माझा आकडा, ११, लिहून ठेवला होता, तो मी खोडला. आईने विचारलं का खोडलं रे, पोराने एवढं लिहिलं होतं. म्हटलं माय, तो माझा पासंग आहे, त्याच्या तराजूला कसा चालेल. ती शेंगांची टरफलं सुपात गोळा करत म्हणाली, मंग त्याले कनिकना गोळाच दी दे संगे.